डोळ्यांचा डॉक्टर होताना: गोव्यातून नेत्रविकारात पीजी करणाऱ्यांसाठी

इंटर्नशिप संपत आली की मुलं डिचोलीतल्या माझ्या क्लिनिकवर येतात. कुणी ओळखीतून येतं, कुणाची आजी माझ्याकडे मोतीबिंदूसाठी आलेली असते. प्रश्न ठरलेला: "मॅडम, ऑप्थल घेऊ का?" मी उलट विचारते, "नेत्र विभागाच्या पोस्टिंगमध्ये स्लिट लॅम्पवर स्वतः किती वेळा बसलास?" डोळा मोठा करून बघायच्या या यंत्राचं नाव निघालं की बहुतेक जण गप्प होतात. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) मागे उभं राहून स्क्रीनवर फेको (मशीनने मोतीबिंदू फोडून काढणं) बघितलेला असतो, तो आवडलेला असतो, आणि ऑप्थल म्हणजे तेवढंच असं डोक्यात बसलेलं असतं.

फेको मलाही आवडतो. पण माझं मत सांगायचं तर या तीन वर्षांत आधी बघायला शिकायचं असतं, मग कापायला. हात उशिरा का होईना तयार होतो. नजर पहिल्या वर्षात तयार झाली नाही, तर पुढे कामाच्या रेट्यात ती तशीच कच्ची राहते आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

अर्ज भरण्याआधी

इंटर्नशिपमध्ये नेत्र विभागाला जेमतेम दोन आठवडे मिळतात. इलेक्टिव्हचे (स्वतः निवडायच्या पोस्टिंगचे) चार आठवडे असतात, त्यातले जमतील तेवढे इथेच मागून घ्या. ओपीडीत पहिल्या केसपेपरपासून शेवटच्यापर्यंत बसा. दिवसाला शंभर वेळा "वर बघा, खाली बघा" म्हणायचं, तेच चष्म्याचे नंबर, त्याच डोळे आल्याच्या तक्रारी. हे करताना कंटाळा आला तर वेळीच कळलेलं बरं. त्यातही एखादा वेगळा डोळा दिसल्यावर पुन्हा पुन्हा बघावासा वाटला, तर ही शाखा तुमची.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. स्वतःचे डोळे तपासून घ्या. मायक्रोस्कोपखालच्या कामाला दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जाणवावी लागते. लहानपणी एक डोळा आळशी राहिलेला असेल, किंचित तिरळेपणा असेल, तर ते आजवर कळलेलंही नसतं. स्टिरिओप्सिसची चाचणी पाच मिनिटांची आहे, विभागातल्या कुणालाही सांगा, करून देतील. चष्म्याच्या नंबराची भीती बाळगू नका. माझा स्वतःचा उणे पाच आहे.

परीक्षा आणि जागा

वाट नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून जाते. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलेल्याला एक कापला जातो. एम्स, पीजीआय अशा संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. दिल्लीतलं एम्सचं डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्र मनात असेल तर तिची तयारी वेगळी करा, त्या प्रश्नांची धाटणीच निराळी असते.

गोव्यात एमएस ऑप्थल (नेत्रविकारातली पदव्युत्तर पदवी) म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ, गोवा मेडिकल कॉलेज. १८४२मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. पदवी गोवा विद्यापीठाची मिळते. जागा मोजक्या आहेत. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, निम्म्या राज्य भरतं. राज्य कोट्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पालकांच्या डोक्यात अजून जुनंच गणित असतं. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीजीमधलं केवळ अधिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. कॉलेज आपल्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना काही प्रमाणात प्राधान्य देऊ शकतं, ती वेगळी बाब. तेव्हा "आपण गोंयकार, गोव्यात जागा मिळणारच" असं गृहीत धरू नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. बाँड किती वर्षांचा, सीट सोडली तर दंड किती, कोणत्या फेरीनंतर बाहेर पडता येत नाही, हे त्यातच असतं.

डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) हा दुय्यम पर्याय मानण्याचे दिवस गेले. तीही तीन वर्षं, त्याच नीट-पीजीच्या रँकवर, एमसीसीच्याच समुपदेशनातून. चांगल्या डीएनबी रुग्णालयात हातात पडणाऱ्या शस्त्रक्रिया अनेक कॉलेजांपेक्षा जास्त असतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. तो करून पीडीसीईटी (डिप्लोमानंतरची प्रवेश परीक्षा) दिली की आणखी दोन वर्षांत डीएनबी होते. रँक थोडा मागे असेल आणि डोळ्यांचंच काम करायचं ठरलं असेल, तर हा रस्ता खुशाल धरा.

गोव्याबाहेर जायचं तर बेळगाव, हुबळी, मणिपाल, मिरज, पुणे, मुंबई असे पर्याय चर्चेत असतात. यादी भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना (पीजी करणाऱ्या डॉक्टरांना) फोन करा. "सर्जरी किती मिळतात" एवढंच विचारून ठेवू नका. विचारा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेले मोतीबिंदू किती? पहिला कधी मिळाला? वेट लॅब (जनावरांच्या डोळ्यांवर सराव करायची जागा) आहे का, आणि तिची किल्ली कुणाकडे असते? फंडसची (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाची) ओपीडी रेसिडेंट चालवतात की फक्त डोळ्यांत थेंब घालत बसतात? रेटिना (डोळ्यामागचा पडदा), काचबिंदू, बुबुळ, लहान मुलं यांचे स्वतंत्र युनिट आहेत का? सीनियर चुकीवर ओरडतात की शिकवतात? शेवटच्या प्रश्नाला समोरचा थांबून विचार करायला लागला, तर तेही उत्तरच समजा.

पहिले सहा महिने: बघणं

आधी रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेडाची पट्टी टाकून चष्म्याचा नंबर काढणं. मशीनवर नंबर येतो, मग ही कशाला, असं प्रत्येक नव्या रेसिडेंटला वाटतं. सत्तरी तालुक्यातल्या शाळेतलं सात वर्षांचं मूल, मशीनच्या भोकात बघायला तयार नाही, आई सांगतेय की टीव्हीला नाक लावून बसतो. तिथे मशीन काय करणार? त्या पोराचा नंबर फक्त तुमच्या हातातल्या पट्टीने निघतो.

पेशंटपासून दोन तृतीयांश मीटरवर बसा. पट्टी बाहुलीवरून सरकवा. आतला लालसर उजेड तुमच्या हालचालीबरोबर सरकला तर अधिकची काच वाढवत न्या, उलट सरकला तर उणेची. एक क्षण असा येतो की पट्टी सरकणं थांबतं आणि अख्खी बाहुली एकदम उजळते. ती काच धरायची, तिच्यातून अंतराचे १.५० वजा करायचे. नवशिक्याची चूक जवळजवळ नेहमी अंतरात असते. नकळत पुढे झुकता, आणि नंबर अर्ध्या-पाऊणने चुकतो. मी ६७ सेंटिमीटरचा दोरा रेटिनोस्कोपला बांधून ठेवला होता. दुसरं टोक पेशंटच्या ट्रायल फ्रेमला टेकवायचं, मग सुरुवात. दोन महिन्यांनी दोरा सुटला, अंतर अंगात राहिलं.

रोज वीस डोळे करा. मशीनचा कागद आधी बघू नका. तुमचा आकडा लिहा, मग मशीनचा ताडून बघा, आणि शेवटी पेशंट कुठल्या काचेने नीट वाचतो ते. तीन महिन्यांत तुमचा आकडा मशीनपेक्षा पेशंटच्या जवळ जायला लागेल. लहान मुलांत अॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट हे डोळा सैल करणारं औषध घातल्याशिवाय नंबर काढू नका. त्यांच्या डोळ्यांची जवळ बघण्याची ताकद एवढी असते की अधिकचा मोठा नंबर ते सहज लपवून ठेवतात. अॅट्रोपिनचा मलम दिलात तर घरी तीन दिवस कसा लावायचा, हाताला लागलेला मलम मुलाच्या तोंडात कसा जाऊ द्यायचा नाही आणि चेहरा लाल झाला, ताप आला तर थांबवायचं, हे आईला स्वतः सांगा. नर्सवर सोडू नका.

स्लिट लॅम्पवर एक क्रम ठरवा आणि तो कधीही मोडू नका. पापणीच्या कडेपासून सुरू करून कंजंक्टायव्हा (पांढऱ्यावरचं पातळ आवरण), कॉर्निया (बुबुळ), समोरच्या कप्प्याची खोली, आयरिस, बाहुली, भिंग आणि मग व्हिट्रियस (आतली जेली). पेशंट वडस (बुबुळावर चढणारी मांसल वाढ) दाखवायला आला असला तरी भिंगापर्यंत जायचंच. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी कडेला पातळ उजेड टाकून कप्पा उथळ आहे का ते बघा. अरुंद कोन असलेल्या बाईला न बघता थेंब घातले, तर रात्री तीच तुमच्या ड्यूटीवर डोकं धरून उलट्या करत येईल. केसपेपरवर "नॉर्मल" हा शब्द लिहू नका. काय बघितलं ते लिहा. "कॉर्निया स्वच्छ, कप्पा खोल, बाहुली गोल, उजेडाला तडक आकसते" एवढं लिहायचं तर ते आधी बघावं लागतं.

डोक्यावर बांधायच्या इनडायरेक्टला (पडदा कडेपर्यंत दाखवणाऱ्या यंत्राला) सगळ्यांत जास्त वेळ द्या. वीस डायॉप्टरच्या काचेतून दिसणारं चित्र उलटं असतं, वरचं खाली आणि उजवीकडचं डावीकडे. म्हणून कागदही उलटा धरायचा: पेशंट आडवा, कागदावरच्या घड्याळाचे बारा त्याच्या पायांकडे, आणि जसं दिसतं तसंच काढत जायचं. रंग ठरलेले आहेत. जागेवरचा पडदा लाल, सुटलेला निळा, व्हिट्रियसमधलं ढगाळ हिरवं. रंगीत पेन्सिलींची पेटी खिशात ठेवा. आता फंडसचे फोटो निघतात हे खरं. पण फोटो काढताना डोळा शोधत नाही, चित्र काढताना शोधतो. मी आजही अवघड पडदा समोर आला की आधी पेन्सिल उचलते.

आणि भाषा. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बांबोळीच्या ओपीडीच्या रांगेत पेडण्याची म्हातारी असते, काणकोणचा रापणकार असतो, दोडामार्ग-सावंतवाडीहून पहाटेच्या बसने आलेली कुटुंबं असतात, कारवारचे लोक असतात, बांधकामावरचे कानडी मजूर असतात. मराठी आणि कोकणी येणाऱ्याला अर्धं मैदान मारल्यासारखं आहे. "वयर पळयात", "सकयल पळयात" म्हटल्यावर ज्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, त्याच डोळ्याचा दाब नीट मोजता येतो. घाबरून पापणी आवळलेल्या पेशंटचा दाब खोटा वाढलेला येतो. कानडीतलं "मेले नोडी, केळगे नोडी" पाठ करून ठेवा, बाहेरून आलेल्या रेसिडेंट मित्रांनाही शिकवा. "दोळ्यांमुखार काळोख येता" असं कुणी म्हणालं की लिहून मोकळे होऊ नका. एका डोळ्यापुढे की दोन्ही? काही सेकंद की तासभर? उठताना की बसल्या बसल्या? मेंदूकडे जाणाऱ्या रक्तपुरवठ्यातल्या अडथळ्याची पहिली सूचना याच वाक्यात दडलेली असू शकते.

थिसिस आणि कागदपत्रं

थोडक्यात सांगते. विषय पहिल्या सहा महिन्यांत ठरवून आराखडा द्यायचा असतो. तुमच्या ओपीडीत रोज येणाराच आजार निवडा. दुर्मीळ आजारावर थिसिस घेतलेली मुलं अठरा महिने पेशंटची वाट बघत बसतात. गोव्यात मधुमेही रुग्ण भरपूर भेटतात. मासेमारी करणाऱ्यांत वडस बघायला मिळतो. सांख्यिकीच्या माणसाला आकडे जमवायच्या आधी भेटा, नंतर भेटून फारसा उपयोग नसतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पीजी नियमांनी संशोधन पद्धती, नीतिशास्त्र आणि जीवरक्षक प्रशिक्षणाचे कोर्स बंधनकारक केलेत. पहिल्या वर्षातच उरकून टाका. हजेरी ८० टक्के लागते. लॉगबुक त्या त्या दिवशी भरा.

हातात चाकू येतो तेव्हा

ओटीच्या आधी वेट लॅब. मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवलं की सकाळी बकऱ्याचे ताजे डोळे मिळतात. तासाभरात ते मऊ पडतात, तेव्हा मागून सुईने थोडं सलाइन भरून टणक करून घ्या. थर्माकोलच्या कपात टाचणीने बसवा. टनेल (डोळ्यात शिरायची बोगद्यासारखी वाट) आणि टाके यांचा सराव त्यावर उत्तम होतो. रेक्सिस, म्हणजे भिंगाच्या आवरणाला (कॅप्सूलला) पुढून गोल छेद देणं, मात्र जपून. बकऱ्याच्या भिंगाची कॅप्सूल माणसाच्यापेक्षा जाड आणि ताणली जाणारी असते, तिच्यावर यश आलं म्हणून चढून जाऊ नका. १०-० नायलॉनचा धागा केसाहूनही बारीक असतो. तो तुटू न देता शंभर गाठी मारून झाल्या, की मगच सीनियरसमोर टाका मागायला जा.

शस्त्रक्रिया शिकायचा क्रम मागून पुढे ठेवा. आधी शेवटच्या पायऱ्या: भिंगाचा उरलेला मऊ भाग (कॉर्टेक्स) सिमको कॅन्युलाने, म्हणजे बारीक नळीने ओढणं, लेन्स बसवणं, जखम तपासून बंद करणं. मग टनेल. मग रेक्सिस. न्यूक्लियस (भिंगाचा टणक गाभा) बाहेर काढणं सगळ्यांत शेवटी. तोवरचं आणि नंतरचं सगळं अंगवळणी पडलेलं असेल, तर मधल्या अवघड पायरीला डोकं शांत राहतं.

सुरुवात एसआयसीएसने (मशीनशिवाय, लहान छेदातून हाताने मोतीबिंदू काढण्याने) होऊ द्या. फेकोचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. सत्तरी-सांग्याकडून अजूनही पिकून टणक झालेले, तपकिरी मोतीबिंदू येतात. असल्या डोळ्यात मशीन अडलं की हात एसआयसीएसवरच वळवावा लागतो. ज्याला ती येत नाही तो तिथे अडकतो.

टनेलवर जरा थांबते, कारण सगळं पुढचं त्याच्यावर उभं आहे. लिंबसच्या (बुबुळाच्या कडेच्या) मागे दीड ते दोन मिलिमीटरवर स्क्लेरात (डोळ्याच्या पांढऱ्यात) सहा-साडेसहा मिलिमीटरचा छेद, साधारण अर्ध्या जाडीचा. क्रेसेंट ब्लेडने पुढे सरकत कॉर्नियात एक-दीड मिलिमीटर जायचं. ब्लेड टनेलच्या छतातून अंधूक दिसत राहिलं पाहिजे. स्पष्ट चकाकलं तर फार वर आलात, छताला भोक पडेल. दिसेनासं झालं तर खोल गेलात, अवेळी आत शिराल. स्क्लेराची गोलाई संपून कॉर्नियाची सुरू होते तिथे ब्लेडची टाच दाबून टोक किंचित वर करावं लागतं, आणि नव्वद टक्के मुलं तिथेच चुकतात. आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवा, नरसाळ्यासारखं, म्हणजे न्यूक्लियस न घासता निघेल. चुकून खोल शिरलात तर ओढाताण करू नका. ती जागा सोडा, गरज वाटली तर टाका घाला, बाजूला नव्याने सुरू करा. यात कमीपणा काही नाही.

पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रायपॅन ब्लू वापरा. कॅप्सूल निळी दिसली की रेक्सिस कुठे पळतोय ते कळतं.

मागची कॅप्सूल मध्यभागी चार मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते. ती कधीतरी तुमच्या हातूनही फाटेल. त्या क्षणी करायची गोष्ट एकच: हत्यार झटकन बाहेर काढायचं नाही. डावा हात साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छिद्रातून) व्हिस्कोइलास्टिक हे घट्ट जेल भरतो, कप्पा भरलेला राहतो, मग उजवा हात हळूच मागे येतो. पहिल्यांदा माझ्या हातून फाटली तेव्हा घाबरून मी कॅन्युला ओढून घेतला, आणि व्हिट्रियस त्याच्यामागोमाग जखमेत आलं. सरांनी खुर्ची बदलली, व्हिट्रेक्टॉमी केली (पुढे आलेलं व्हिट्रियस कापून काढलं), लेन्स सल्कसमध्ये, म्हणजे आयरिसच्या मागच्या खाचेत बसवली. संध्याकाळी वॉर्डात जाऊन त्या आजोबांना काय झालं ते मी स्वतः सांगितलं. सांगायला सरांनीच लावलं होतं. आजोबा म्हणाले, "पोरी, उद्या पट्टी सोडायला तूच ये." मी गेले.

प्रत्येक शस्त्रक्रियेचा व्हिडिओ मागून घ्या आणि त्याच रात्री बघा. वहीत गुंतागुंतीचा रकाना ठेवा, आणि त्यात काय झालं यासोबत कुठल्या पायरीला सुरू झालं तेही लिहा. दहा नोंदींत तुमची एकच चूक चार वेळा दिसेल.

लेन्सच्या नंबराचं मोजमाप स्वतः करा. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली की शस्त्रक्रियेनंतरचा नंबर अडीच-तीन डायॉप्टरने चुकतो. ए-स्कॅनची (डोळ्याची लांबी मोजणाऱ्या यंत्राची) काडी बुबुळावर किंचित जास्त दाबली की डोळा आखूड मोजला जातो. सुरेख शस्त्रक्रिया करून पेशंटला जाड चष्मा देण्याची वेळ याच काडीमुळे येते.

रात्रीची ड्यूटी

चुना, अॅसिड, सिमेंट डोळ्यात गेलेला कुणीही आला की नाव-गाव विचारत बसू नका. आधी पाणी, मग केसपेपर. चुन्याची पुडी फोडताना डोळ्यात उडालेलं लहान मूल असेल तर वरची पापणी दुमडून, पुन्हा दुमडून आतल्या कोपऱ्यातले कण काढा. तो एक कण राहिला की रात्रभर बुबुळ जाळत राहतो. लिटमस कागदावर आम्लता-क्षारता ठीक येईपर्यंत धुवत राहा, आणि थांबल्यावर थोड्या वेळाने पुन्हा तपासा.

डोकं फुटतंय, उलट्या होताहेत म्हणून मेडिसिनच्या वॉर्डात पडलेल्या मावशींचा डोळा लाल असेल, बाहुली अर्धवट मोठी आणि उजेडाला हलत नसेल, तर तो काचबिंदूचा झटका. कॉल आला की दहा मिनिटांत पोचा.

पावसाळ्यात भाताचं पातं किंवा झावळी लागून बुबुळाला जखम झालेले शेतकरी येतात. जखमेच्या कडा पिसासारख्या, कोरड्या दिसल्या तर बुरशीचा संशय घ्या. खरवडून केओएचमध्ये (बुरशी दिसायला वापरायच्या द्रावणात) रात्रीच बघा. स्लाइड बघायला मायक्रोबायोलॉजीची वाट बघू नका. आणि दुकानातून कुठले थेंब घेऊन घातलेत ते बाटलीसकट मागा. स्टेरॉइड घातलेलं असलं तर आजार दिसतो त्यापेक्षा खोल गेलेला असतो.

आता माझी चूक. दुसरं वर्ष, रात्री साडेदहा. पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर, जाड उणे नंबराचा चष्मा. सकाळपासून डोळ्यापुढे काळे ठिपके नाचताहेत, कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. दृष्टी ६/६. मी थेंब न घालताच नव्वद डायॉप्टरच्या काचेतून मधला भाग बघितला, तो चांगला होता. "वयाचं आहे" म्हणून आठवड्याने बोलावलं. ओपीडीत दिवसभर उभी होते, झोप आली होती, थेंब घालून अर्धा तास थांबायचं जिवावर आलं होतं. पाचव्या दिवशी तो आला तेव्हा म्हणाला, "खालून पडदा चढत चाललाय." रेटिना वरच्या बाजूला फाटली होती, डोळ्याचा तो पडदा सुटत सुटत मध्यापर्यंत पोचला होता. शस्त्रक्रियेने तो जागेवर बसला, पण आधीची नजर परत आली नाही. ट्रकचं काम सुटलं. त्या रात्री इनडायरेक्टने कडेपर्यंत बघितलं असतं तर फाट सापडली असती आणि लेझरवर भागलं असतं. ठिपके आणि चमक एकदम सुरू झालेला पेशंट थेंब घालून, आडवा झोपवून, कडा दाबून, त्याच रात्री बघायचा. कितीही वाजलेले असोत.

जिल्हा रेसिडेन्सी

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढायचे असतात. म्हापसा, मडगाव अशा ठिकाणी. सर्जरी बुडतात म्हणून रेसिडेंट कुरकुरतात. मला वाटतं, राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६पासून कसा चालतो ते पुस्तकात वाचण्यापेक्षा शाळातपासणीला आणि शिबिराला जाऊन बघा. मधुमेहाच्या ओपीडीबाहेर बसलेल्यांना विचारा, पडदा शेवटचा कधी तपासला? अपुऱ्या दिवसांच्या बाळांची यादी एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) मागा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा तीस दिवसांच्या आत बघायचाच, फार लहान असेल तर त्याही आधी, दोन-तीन आठवड्यांत. घरी सोडलेल्या बाळाची आई वाळपईहून पुन्हा येईल की नाही, ते तुम्ही केलेल्या फोनवर ठरतं.

परीक्षा

चार पेपर, प्रत्येकी शंभर गुण. पहिल्यात मूलभूत शास्त्रं, शेवटच्यात नवं काय चाललंय ते. प्रत्येक पेपरला ४० टक्के आणि चारही मिळून ५० टक्के लागतात, प्रात्यक्षिकात वेगळे ५०. ऑप्टिक्स शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका, ते रेटिनोस्कोपीबरोबरच पक्कं होतं. लाँग केसमध्ये परीक्षक निदानापेक्षा तुम्ही काय काय बघितलं हे विचारतात. चित्र काढायला लावतात, रेटिनोस्कोप हातात देतात. पहिले सहा महिने वर लिहिल्याप्रमाणे गेले असतील तर इथे वेगळं काही करायला लागत नाही.

पुढे

एमएस झालं की बहुतेकांना दीड-दोन वर्षांची फेलोशिप करावी लागते, आणि करावीही. मदुराईचं अरविंद १९७६मध्ये सुरू झालं, चेन्नईचं शंकर नेत्रालय १९७८मध्ये, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद १९८७मध्ये. या तिन्ही ठिकाणी प्रवेशासाठी स्पर्धा असते. जाहिराती वर्षातून ठरावीक वेळी निघतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांच्या वेबसाइट बघून ठेवा. विषय निवडताना गोव्यात परत यायचं की नाही ते आधी ठरवा. मुलांचे डोळे, तिरळेपणा, ऑक्युलोप्लास्टी यांचं शिक्षण घेतलेला माणूस तालुक्याच्या गावी विरळाच, आणि पेशंट मात्र तिथेही आहेत. रेटिना घेणार असाल तर मशीनचा खर्च आणि सोबत काम करणारा भूलतज्ज्ञ यांचा विचार आधी करा.

पाटीवर एमएस लिहिण्याआधी गोवा मेडिकल कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंदणी करून घ्या. त्यासाठी पदवी प्रमाणपत्र, एमबीबीएसची मूळ नोंदणी, इतर राज्यात नोंदणी असेल तर तिथलं ना-हरकत, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि तो ६७ सेंटिमीटरचा दोरा रुजू व्हायच्या आदल्या दिवशीच मोजून कापून घ्या.